बटणाखालचं कुंकू

बस शेखर, झेंडूचे क्रेट भरून व्हायला अजून वेळ हाय, तवर तुला एक गोष्ट सांगतो, हसायचं तर हस, पण मधीच उठून गाडीकडं पळू नको... तर कुंकवाचा दाणा. मोहरीच्या निम्मा बी नसंल. आमच्या सूनबाईच्या मॅक कॉम्प्युटरच्या दोन बटणांच्या फटीत अडकलेला, लाल — आणि काल सकाळी तिच्या टेबलावर चहा ठिवला तर माझी नजर पहिली तिथंच गेली, रोज जाती तशी, दाढ दुखत असली की जीभ जशी सारखी तिथंच जाती.

दसऱ्याला मीच लावलं व्हतं. विळे झाले, फवारणीचा पंप झाला, विहिरीवरची मोटार झाली, मयूरची मोटारसायकल झाली — माझा पोरगा, अंबडच्या कंपनीत हाय तो — आणि मग मी म्हणलं, सूनबाई स्नेहा दिवसभर ज्याच्यावर काम करती ते राहिलंच की. तिनं हसून झाकण उघडून दिलं, हात जोडले, नातीला, वेदिकाला बी जोडायला लावले. मी बोट बुडवलं, आणि कुंकू जरा पातळ झालेलं... एक थेंब ओघळला, बटणांच्या मधी उतरला, तोच मग वाळून दाणा झाला. कोणी पाह्यलं नाय. मी वरनं झेंडूचं फूल ठिवलं.

आणि दुसऱ्या दिवशी मी पाह्यलं — मशीन अडकलेलं. मरत बी नाय, हालत बी नाय, पडद्यावर एक रंगीत भिंगरी फिरत राहती नुसती. स्नेहा गालाला हात लावून बसलेली. मला बघितलं तर नजर खाली. बोलली असती तर बरं झालं असतं, शेखर. तू मला शिव्या दे, मी घेईन, पण सासऱ्याला शिव्या कोण देतं... मी तसाच माघारी फिरलो, आणि मागं ती भिंगरी फिरतच.

तिचं काम पुण्याच्या कंपनीचं, जाहिरातींची चित्रं बनवायचं, घरी बसून. तिच्या साहेबानं सांगून टाकलेलं — सोमवारच्या मीटिंगमधी मशीन परत अडकलं तर घरनं काम बंद, पुण्याला येऊन बसायचं. म्हणजे मयूर तिकडं नोकरी बघणार, वेदिकाची शाळा तिकडं, आणि मळ्यातल्या घरात मी आणि आमची कारभारीण नवसाबाई, दोन म्हातारी, समोरासमोर. का? तर मी एक बोट बुडवलं म्हणून.

सूनबाई नामपूरची. आईशी फोनवर अहिराणीत बोलती, मला निम्मं कळतं. त्या दिवशी त्या निम्म्यात ‘आबा’ ऐकू आलं आणि ‘मशीन’ ऐकू आलं. बस, एवढं पुरलं. रातच्याला भाकरी उतरंना.

मग एकदा ती वेदिकाला आणायला गेली तवा मी गजरे ओवायची सुई घेतली आणि दाणा काढायला बसलो. दाणा आणखी आत. वर पडद्यावर एकाच अक्षराची रांग लागली, थांबंचना, जणू ते बोंबलत व्हतं माझ्या नावानं. मी सुई टाकून गोठ्यात जाऊन बसलो. नवसाबाई म्हणली, “म्हशीला राम राम घालायला आलात का? आठ दिवस झाले, मांजरावानी त्या टेबलाभोवती फिरताय.”

तर काल. काल दुपारी तिच्या कंपनीतला रोहित म्हणून पोरगा फोनवर आला, मशिनी बघणं हे त्याचं कामच. स्नेहानं फोन टेबलावर ठिवला, आवाज मोठा केला. मी उंबऱ्याशी झेंडू निवडत बसलो — निवडत कसला, चांगली फुलं बी टोपलीबाहेर टाकत व्हतो. मला वाटलं, आता हा म्हणणार, आत काही सांडलंय का? आणि मग तिची नजर वळणार माझ्याकडं...

त्यानं तसं काही विचारलंच नाय. मशीन बंद करायला लावलं, बटण दाबून धरायला लावलं, आणखी एक बटण धरून वेगळ्या पद्धतीनं चालू करायला लावलं. ह्या पद्धतीत म्हणे मशीनचं स्वतःचं तेवढंच उठतं, बाहेरनं आणून बसवलेलं झोपून राहतं. आणि मशीन उठलं — आणि पळालं. तिनं हे उघडलं, ते उघडलं, भिंगरी नाय, काही नाय.

मी टोपली सोडून उठलो. जवळ जाऊन पाह्यलं. दाणा तिथंच व्हता. लाल. दाणा तिथंच, आणि मशीन पळतंय... शेखर, मी वाकून परत एकदा पाह्यलं.

पण मन लय वाईट असतं. रोहित म्हणतो, “बघ ना, बाहेरचं काढलं की कसं सुरळीत चालतंय.” आणि मला वाटलं, खरंय, ह्यांचा संसार बी असाच पळंल पुण्यात, म्हातारं नसलं की... दोन श्वास घेतले असतील तेवढ्यात, पण हे येऊन गेलं.

मग त्यांनी शोधलं, आपोआप काय काय चालू व्हतं ते. त्यात एक झाडूचं चित्र निघालं. मशीन साफ करायचं कुठलंसं ॲप, फुकटात उतरवून घेतलेलं. कंपनीचा व्हायरस पकडणारा राखणदार आधीच आत बसलेला, प्रत्येक फाईल तपासणारा, आणि हे झाडूवालं बी तीच फाईल ओढणार. एका दारात दोघं, हा त्याला सोडंना, तो ह्याला सोडंना. नुसतं कचऱ्यात टाकून जात नाय म्हणे ते, हरळीसारखं मुळ्यांसकट काढावं लागतं. काढलं. परत नेहमीसारखं चालू केलं. पळालं.

फोन ठिवला आणि सूनबाई माझ्याकडं बघून म्हणली, “आबा, ते मीच घातलं होतं. घट बसायच्या आधी आपण सगळं घर झाडलं ना, डबे घासले, जाळ्या काढल्या... मला वाटलं, मशीन पण झाडून घ्यावं. तेव्हापासूनच अडकत होतं. दसऱ्याच्या आधीपासून. कामाचं हत्यार मीच बिघडवलं आणि तुम्ही त्याची पूजा करत होता, मला तुमच्याकडं बघवत नव्हतं.”

नजर खाली जायची ती ह्याच्यापायी. आणि मी काय काय वाचत बसलो व्हतो त्या नजरेत. नामपूरला आईला बी तेच सांगत असणार ती — आबांना कसं सांगू.

मी म्हणलं, “अगं पोरी, एवढंच ना.” एवढंच म्हणलो. माझं काही सांगितलंच नाय. का नाय सांगितलं, ते मला बी सांगता येत नाय. सोमवार अजून यायचाय, साहेबाचं काय ते सोमवारीच कळंल, पण काल राती भाकरी उतरली, दोन उतरल्या, आणि आज सकाळी चहा ठिवला तर नजर परत तिथंच गेली — गेली, पण दुखलं नाय. उलट वाटलं, असू दे बिचारा दाणा, बसलाय तर बसू दे.

झाले वाटतं क्रेट. ऊठ आता... आणि हे बघ, मार्केटवरनं येताना घरी थांब, चहा घे, वेदिकाशी खेळ, सूनबाईशी बोल, पण त्या बटणाकडं तेवढं बघू नको. तू बघशील आणि तुला हसू येईल, आणि ती मला विचारंल. मला अजून थोडं थांबू दे.