ओहोळापलीकडचे सीडार

ओनेझीम सिर यांचे मत होते की ते यंत्र मेलेले आहे, आणि मेलेल्याला माणसे पुरतात. ट्रेलरवर घालून घरी आणत नाहीत.

"मेलेलं नाहीये, पापा. झोपलंय," जिस्लेन साखळ्या सोडता सोडता म्हणाली.

"इतके हिवाळे झोपलंय?"

"तुम्ही जेवून आडवे होता, तेव्हा आम्ही काय कमी हाका मारतो?"

फिर्मँकाका एवढ्या जोराने हसला, की त्याच्या मिशांवर गोठलेला श्वास गळून पडला. ओनेझीम मात्र हसले नाहीत. काठी टेकत त्यांनी त्या गंजलेल्या स्किडरभोवती एक फेरी घातली. तोडलेली झाडे तारेने मागे बांधून जंगलातून रस्त्यापर्यंत फरफटत आणणारे, मधोमध बिजागरीवर वाकणारे असे ते यंत्र होते. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका विधुराच्या गोठ्यामागे ते पडून होते आणि जिस्लेनने आपली स्नोमोबाइल देऊन ते घेतले होते. घेण्यापूर्वी तिने बिजागरीखाली पहार घालून ती किती हलते ते पाहिले होते, तेलाचा वास घेतला होता आणि लांब पान्याने इंजिन हाताने फिरवून बघितले होते. जड असले तरी ते फिरले होते. तिला तेवढे पुरेसे होते.

घरामागच्या रानात, ओहोळापलीकडच्या दलदलीत, सीडारची जुनी झाडे उभी होती. ओनेझीमच्या वडिलांनी ती पोसली आणि ओनेझीमनी राखली. दलदल कडक गोठली तरच तिकडे जाता येई. ओनेझीमचे गुडघे गेल्यापासून तिकडे कोणी कुऱ्हाड नेली नव्हती. व्हियाने तेरियो नावाच्या शेजाऱ्याने नवे, आठ चाकांचे यंत्र घेतले होते आणि ते रान तोडायला तो तयार होता. ओनेझीमनी मुलीला स्पष्ट सांगितले होते: मार्चमधल्या संत जोसेफाच्या सणापर्यंत तुझ्या यंत्राने लाकूड रस्त्याला लागले, तर रान तुझे, नाही तर मी व्हियानेच्या हातावर हात मारणार. मग जिस्लेनला गिरणीतल्या पाळ्या होत्याच. त्या पाळ्यांत तिची बरीच वर्षे गेली होती आणि उरलेली तिथे घालवण्याची तिची इच्छा नव्हती.

सारा जानेवारी आणि फेब्रुवारी कोठारात गेला. कोपऱ्यातली शेगडी पेटलेली असे, तरी लोखंडी पाने उघड्या हाताने धरले की कातडीला चिकटत. हवेच्या गाळणीत उंदरांनी संसार थाटला होता. डिझेलची टाकी गाळाने भरलेली होती आणि तेलाच्या नळ्या वाळक्या सॉसेजसारख्या कडक झाल्या होत्या. खरे दुखणे बिजागरीचे होते. खालच्या खिळ्याचे गोल भोक झिजून अंड्यासारखे झाले होते. जिस्लेनने ते वेल्डिंगने भरून काढले, गावातल्या लेथवाल्याकडून भोक पाडायचा दांडा मागून आणला आणि धातूचा कीस काढत ते हळूहळू पुन्हा गोल केले. नवा खिळा हाताने आत सरकला आणि जराही डुगडुगला नाही, तेव्हा ती कोठारात एकटीच मोठ्याने हसली.

ओनेझीम रोज काहीतरी न्यायच्या निमित्ताने कोठारात येत. एकदा हातोडी, एकदा दोरी. एकदा तर हातात असलेली काठीच शोधत आले.

"त्या नळीला आणखी एक पट्टी लाव," ते जाता जाता म्हणाले.

"मेलेल्याला पट्टी कशाला?"

"मी नळीबद्दल बोललो. यंत्राबद्दल नाही."

याच दिवसांत ती दुपारी बर्फावरचे रुंद जोडे घालून दलदलीतली वाट तुडवी. भुसभुशीत बर्फ ही जमिनीची रजई असते. ती दाबून पातळ केल्याशिवाय थंडी खाली उतरत नाही. फिर्मँकाका मागून चालत कुरकुर करी, पण पाय मात्र तिच्याच ठशांच्या मधल्या जागेत टाकी.

सणाच्या आदल्या दिवशी इंजिन लागले. त्याच्या तेलाच्या टाकीखाली निखाऱ्यांची परात ठेवून जिस्लेनने ते बराच वेळ तापवले होते. आधी एक खोकला, मग काळा धूर, मग कोठाराच्या फळ्या थरथरवणारी ती संथ, जाड घरघर. ती यंत्र घेऊन ओहोळापर्यंत गेली. बर्फावर चढलेल्या पाण्यातून चाके भिजवत परत आली, अंगणात यंत्राचे पुढचे रुंद लोखंडी पाते जमिनीवर टेकवले आणि उतरली. झाकणाच्या उबदार पत्र्यावर हात ठेवून ती उभी राहिली. अंधार पडेपर्यंत तिला आत जावेसे वाटले नाही.

सणाच्या सकाळी व्हियाने कॉफी प्यायला आला. स्वयंपाकघरात प्लोय, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी, आणि काकवी ताटात होती, पण खायला कोणी बसले नाही, कारण अंगणात इंजिन सुरू होते आणि यंत्र जागचे हलत नव्हते. चारी ओली चाके मातीला गोठून बसली होती.

"काय गं, नांगर टाकलास की काय?" व्हियानेने विचारले.

"पेरलंय तिनं," फिर्मँकाका म्हणाला. "मे महिन्यात कोंब फुटतील."

जिस्लेनचे कान लाल झाले. हिवाळ्यात चाकांखाली ओंडके घातल्याशिवाय यंत्र उभे करायचे नाही, हे या खोऱ्यात मूल बोलू लागण्याआधी शिकते.

"ओंडके कुठे होते?" ओनेझीमनी विचारले.

"कोठाराला टेकून."

"आणि तू?"

"इथंच. बघत उभी होते."

"तुझ्या बापानं पहिलं यंत्र आणलं ना," फिर्मँकाका म्हणाला, "तेव्हा हा रात्री त्याच्यातच झोपला होता. तुझी आई दारात उभी राहून शिव्या घालत होती."

"फिर्मँ, तोंड मिट. हवा आत जातेय."

"माझं आणतो," व्हियाने म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरोखर मदत करायची होती. "एका हिसक्यात काढतो."

"आणि एका हिसक्यात माझ्या चाकांचा आस मोडशील. नको." जिस्लेनने इंजिन मंद केले आणि खाली उडी मारली. "ब्रेक लावला नव्हता मी, पातं टेकवलं होतं. म्हणजे आत काही गोठलेलं नाही. फक्त टायर. काका, शेगडीतली गरम राख आण."

ती कुऱ्हाडीने चाकांभोवतालचा बर्फ फोडू लागली, रबराला धार लागू न देता, छोट्या छोट्या घावांनी. काही वेळाने पलीकडच्या चाकापाशी दुसरी कुऱ्हाड ऐकू आली. गुडघ्याखाली पोते घालून ओनेझीम बसले होते. त्यांचा घाव तिच्यापेक्षा संथ होता आणि एकही वाया जात नव्हता. व्हियानेनेही हातमोजे चढवले आणि काकाने आणलेली राख तो फटींत ओतू लागला.

मग तिने मागच्या विंचची, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या रहाटाची, तार सोडली. तारेचे टोक ओनेझीमनीच उचलले, लंगडत अंगणाच्या कडेच्या मेपलपर्यंत नेले, बुंध्याला जाड पट्टा गुंडाळून त्यात अडकवले आणि मागे वळून हात वर केला. जिस्लेन आसनावर चढली. तिने गिअर मोकळा ठेवला, पाते उचलले आणि विंचच्या दांड्यावर हात ठेवला. चाकांना जोर लावायचा नव्हता. यंत्राने स्वतःच स्वतःला ओढायचे होते.

"पापा, तारेपासून लांब व्हा!"

त्या घरात ओनेझीमना कोणी असे सांगत नसे. ते लगेच बाजूला झाले.

तार ताठली. गुणगुणली. मागचे डावे चाक कडाडून सुटले, मग उजवे, आणि मग सारे यंत्र आळस देत उठावे तसे मागे सरकले.

दुपारपर्यंत जिस्लेन ओहोळापलीकडून परतली. वाटेने भार सोसला होता. वळणावर यंत्र वाकले तेव्हा बिजागरीतला नवा खिळा कुरकुरला नाही. मागे सीडारच्या खोडांचे पहिले ओझे बर्फावर रुंद, गुळगुळीत पट्टा पाडत येत होते आणि त्याचा वास यंत्राच्या धुरावर मात करून रस्त्यापर्यंत पोचला होता. रस्त्याकडेला लाकूड सोडवायला ओनेझीम उभे होते. काठी त्यांनी बर्फात रोवून ठेवली होती. वाकून ते एकेका खोडाच्या तारेचा फास सोडवत, आणि सोडवलेल्या खोडावर तळहात थोपटत.

व्हियानेने त्या ओझ्याभोवती एक फेरी घातली. "चांगलं बांधलंय," तो शेवटी म्हणाला. मग जरा जवळ आला. "ओनेझीमकाका, टेकडीकडचा स्प्रूसच्या झाडांचा पट्टा तर तिच्या एकटीच्यानं व्हायचा नाही. तेवढा तरी माझ्या यंत्राला द्याल का?"

ओनेझीमनी शेवटचा फास सोडवला आणि तार खांद्यावर टाकली.

"मला काय विचारतोस? मी इथं तारा बांधायला आहे," ते म्हणाले. "मालकीण वर बसलीय. ती थांबली की विचार."

पण जिस्लेनने यंत्र मधोमध वाकवून तोंड ओहोळाकडे फिरवले होते, आणि थांबण्याचा तिचा काही विचार दिसत नव्हता. ओनेझीमनी काठी उपटली आणि पुढच्या ओझ्यासाठी तारा घेऊन ते तिच्यामागे, ताज्या पट्ट्यावरून, चालू लागले.