नऊ वेळा मेलेला पाहुणा

“काटा उजवीकडे? मजीद, डोकं ठिकाणावर हाय काय तुझं?” अकबर खानसाम्याने विचारलं.

“पाहुणा डावखुरा हाय, अकबरभाय. तुमी सुपाचं बघा.” मजीदने सुरी डावीकडे ठेवली.

कुवेतच्या मीना अल-अहमदी बंदरावरच्या साहेबांच्या क्लबात सकाळपासून कुणाचे पाय जमिनीवर नव्हते. हार्लन प्रूइट येणार होता! अमेरिकेचा नट. पंधरा वर्षं नाटकांत घासलेला, मग सिनेमात गेलेला. नायक तो कधीच झाला नाही. नायकाचा मित्र व्हायचा आणि मध्यंतराआधी मरायचा. मजीदने त्याची नऊ मरणं पाहिली होती: चारदा गोळीने, दोनदा सुरीने, एकदा विषाने, एकदा घोड्यावरून पडून आणि एकदा अंगावर पियानो पडून. दर वेळी पडद्यामागे बसलेली सगळी कोकणी मंडळी मयतासाठी ‘इन्ना लिल्लाही’ म्हणायची. पियानोखाली मेलेल्याला एवढं तरी मिळायलाच हवं.

पडद्यामागे, कारण क्लबातल्या सिनेमाला पुढच्या खुर्च्या साहेबांच्या. स्वयंपाकघरातली माणसं मागच्या अंगणात खोके पालथे घालून बसत. पडदा पातळ होता, मागूनही सगळं दिसे. इंग्रजी अक्षरं उलटी दिसत. पण कुवेतात सगळंच उजवीकडून लिहितात, त्यात विचारायचं काय?

हार्लनला आपल्या हाताने वाढता यावं म्हणून मजीदने तीन वर्षांनी मिळालेली रजा सोडली होती. बाणकोटहून बायकोचं, फखरुन्निसाचं, पत्र आलं: ‘तो नऊ वेळा मेला ना? मी अजून जिती हाय.’

संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर पाहुणा आला. पोट सुटलेलं, डोक्यावर टोपी. बसल्या बसल्या त्याने काटा-सुरीची अदलाबदल केली. मजीद सूप घेऊन जवळ वाकला. मग पडद्यावर नेहमी उजव्या गालावर दिसणारा व्रण त्याला दिसला. डाव्या गालावर!

“हा तो नाय!” मजीद स्वयंपाकघरात येऊन फुत्कारला. “तोतया हाय!”

“गप रे, नोकरी जायल,” अकबर म्हणाला.

“रजा गेली, आता नोकरीचं काय घेऊन बसलाव!” मजीद तरातरा परत गेला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “साहेब, तुम्ही हार्लन नाही. हार्लन डावखुरा. व्रण उजवीकडे. मी नऊ सिनेमे पाहिलेत.”

टेबलावरचे साहेब लालबुंद झाले. पाहुण्याने मात्र चमचा खाली ठेवून विचारलं, “कुठे बसून?”

मजीदने पडद्यामागे बोट दाखवलं.

पाहुणा उठला. ‘मिस्टर प्रूइट, मिस्टर प्रूइट’ करणाऱ्या साहेबांना मागे टाकून तो थेट अंगणात गेला आणि कांद्याच्या खोक्यावर बसला.

सिनेमा सुरू झाला. तरणाबांड हार्लन आला. उजव्या गालावर व्रण, डाव्या हातात पिस्तूल.

“बघा!” मजीद म्हणाला.

पाहुण्याने आपल्या गालावरून हात फिरवला. “दाढी करताना आरशात रोज हाच दिसतो,” तो हळूच म्हणाला. “पुढून पाहिलं की दुसराच कुणी वाटतो.”

मजीदने पडद्याकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं, उलट्या अक्षरांकडे पाहिलं. इतकी वर्षं मागून उजव्याचं डावं दिसत होतं! माफी कुठल्या शब्दांत मागावी हे जुळवतोय तोच पडद्यावर गोळी सुटली. हार्लन कोसळला. आणि सवयीने सगळे एका सुरात म्हणाले, “इन्ना लिल्लाही...”

मग सगळ्यांनी एकदम खोक्यावरच्या माणसाकडे पाहिलं.

“काय म्हणालात?” त्याने विचारलं.

“माणूस गेला की म्हणतात, साहेब.”

“माझ्यासाठी?”

“नऊही वेळा म्हटलंय. ही दहावी.”

पडद्यावर नायक मित्राला ओलांडून घोड्यावर बसला. पाहुण्याने टोपी काढली आणि गुडघ्यावर धरून ठेवली.