मापट्याचा उजवा हात

व्यंगचित्रकारांच्या मंडळात सभासद बारा आणि नियम दोन. दर वर्षी एका सभासदाने निर्माण केलेलं पात्र ‘पाहुणा’ म्हणून निवडायचं आणि उरलेल्या अकरा जणांनी त्याचं चित्र काढायचं. पण मूळ चित्र समोर न ठेवता, केवळ आठवणीतून. हा पहिला नियम. दुसरा असा, की पात्राच्या जन्मदात्याने आलेल्या चित्रांबद्दल तक्रार करायची नाही. यंदाचा पाहुणा होता मापटे : गोल पोटाचा, चौकोनी चष्म्याचा एक कारकून, ज्याला त्याचंच पाळीव बदक सात वर्षं एका साप्ताहिकात टोचून बोलत आलं होतं. त्याच्या जन्मदात्रीला मंडळात सगळे निरीक्षकबाई म्हणत. बाईंना तक्रार करायचीच नव्हती. त्यांना शंका होती, आणि शंकेबद्दल नियमांत काही म्हटलेलं नव्हतं.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत, लांब टेबलावर अकरा चित्रं मांडली होती. एकात मापटे वाळून काडी झाला होता, एकात तो पाळण्यातलं बाळ होता, एकात अंतराळवीर. चष्मा कुठे गोल, बदक कुठे शहामृगाएवढं. यात नवल नव्हतं. बाई दिवसभर प्रयोगशाळेत दुकानदारांची वजनं तपासत. आठवणीतून केलेलं मोजमाप इकडेतिकडे पसरायचंच. पसरलेल्या चुका निरुपद्रवी असतात. सगळ्या चुका एकाच बाजूला झुकल्या, की मात्र काट्याकडे संशयाने बघावं लागतं.

अकराही चित्रांत मापट्याचा उजवा हात खिशात होता.

“डॉक्टर, हा तुमचा मापटे पोहतोय ना?” बाईंनी विचारलं.

“पोहतोय की! लाटा दिसत नाहीत का?” दातांचे डॉक्टर दुखावल्या सुरात म्हणाले.

“मग हात खिशात कसा?”

“म्हणून तर चड्डीला खिसा दिलाय. त्या खिशाने जीव खाल्ला माझा.”

“अहो, एका हाताने माणूस बुडेल.”

“बुडेना का. हात बाहेर काढला असता, तर बुडणारा माणूस मापटे नसता.”

खोलीत हशा पिकला. बाईंनी खुलासा केला, “त्याचं कारण अगदी साधं आहे. मला हात काढता येत नाहीत. येत नाही ते लपवायचं, ही आपल्या धंद्यातली जुनी पळवाट. त्यात दुसरं काही नाही.”

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात उभा जन्म घालवलेले एक वयस्कर सभासद खिडकीजवळ बसले होते. ते चष्मा पुसत म्हणाले, “आणि डावा हो? मागे तुम्ही डाव्या हातात चिमट्याने वजन धरलेला मापटे काढलात. बोटं अशी झकास, की मी दोनदा मोजली. डावा येतो आणि उजवा येत नाही, हे कसं काय बुवा?”

आक्षेप बिनतोड होता. सात वर्षांत तो स्वतःला का सुचला नाही, हे बाईंना कळेना.

घरी जाऊन त्यांनी कात्रणांच्या वह्या काढल्या आणि मोजणी केली. चित्रपट्ट्या तीनशे एकसष्ट. उजवा हात खिशाबाहेर : चार वेळा. त्यांपैकी दोनदा जाड हातमोज्यात, एकदा बदकाच्या पोटाखाली, एकदा प्लास्टरमध्ये. उजव्या हाताची दिसलेली बोटं : शून्य. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि मापट्याचा उजवा हात बाहेर काढला. हात पहिल्या फटक्यात उत्तम उतरला, आणि तोच घोळ झाला. कागदावरच्या गृहस्थांना बाई ओळखत नव्हत्या.

उजवा हात खिशात ठेवणारा एक माणूस मात्र त्या चांगला ओळखत होत्या. तो त्यांचा थोरला भाऊ होता. दादा तरुणपणी लाकडाच्या वखारीत कामाला असताना करवतीने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. बाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. त्यांनी बँडेज बांधलेल्या दादाचं चित्र काढून स्वयंपाकघरात चिकटवलं आणि खाली नीट अक्षरात लिहिलं : १० – २ = ८. दादाने कागद काढला, घडी घातली आणि एवढंच म्हणाला, “पुन्हा माझं चित्र काढू नकोस.” बाईंनी वचन दिलं. एकतीस वर्षं ते पाळलं, अशी त्यांची परवापर्यंत खात्री होती. मापटे कुणावर बेतलाय, असं कुणी विचारलं, की त्या ठासून सांगत, “कुणावरही नाही.” माणूस नकळत वचन मोडू शकतो का? वजन मात्र नकळत खोटं असू शकतं; तशी रोज दहा तरी त्या बाजूला काढत.

अडचण अशी, की दादाचा आता चौकटी बनवण्याचा धंदा होता आणि मंडळाच्या चित्रांना चौकटी तोच करी. प्रदर्शन रविवारी होतं. गुरुवारी बाई अकरा मापटे काखोटीला मारून दुकानात गेल्या. माफीची तीन वाक्यं त्यांनी वाटेत जुळवून ठेवली होती.

“या ठमाबाई! यंदा तुझ्या मापट्याची वरात ना?” दादा म्हणाला. दुकानात त्याचा उजवा हात उघडा असे. तीन बोटांत तो लाकडाची पट्टी शिकंज्यासारखी धरी. उंबऱ्याबाहेर पडला, की तोच हात खिशात जाई.

तो एकेक चित्र मोजू लागला. पोहणाऱ्यापाशी थांबून खदाखदा हसला. “खिशात हात घालून पोहतोय! हा डॉक्टर दातसुद्धा असेच काढतो काय गं?” आणि मग, “हे बारावं कुणाचं?”

घाईत बाईंचं स्वतःचं चित्रही गठ्ठ्यात आलं होतं.

“माझंच. मापटे आहे.”

“हा? हा तर विमा विकायला आलेला दिसतो.” दादाने कागद परत दिला.

तीन वाक्यांतलं एकही आठवेना. बाईंनी विचारलं, “दादा, खरं सांग. मापटे तुला कुणासारखा वाटतो?”

दादाने कानावरची पेन्सिल काढली, टोक बघितलं, पुन्हा कानावर ठेवली.

“बाबांसारखा. आणखी कुणासारखा?”

“बाबा? मी तीन वर्षांची होते ते गेले तेव्हा!”

“म्हणून तर मलाही नवल वाटलं होतं. दारात अस्से उभे राहायचे. उजवा हात खिशात, आत किल्ल्यांची खुळखुळ. आई वैतागायची.”

“मला यातलं काही आठवत नाही.”

“तू केवढी होतीस? खिशाएवढी. तुला बाबा म्हणजे खिसाच दिसत असणार.”

बाईंनी मनात उंची ताडून पाहिली. तीन वर्षांचं पोर, मोठ्या माणसाची विजार. माप जुळत होतं. पण जुळलं म्हणजे सिद्ध झालं, असं नव्हे. बाबांचा फोटो घरात एकच होता आणि तो छातीपर्यंतच. आईही आता हयात नव्हती. साक्षीदार एकटा दादा, आणि या खटल्यात त्याचाही हात गुंतलेला.

“मला वाईट वाटू नये म्हणून सांगतोयस का?”

“तुला कशाचं वाईट वाटतंय?”

“मी तुला वचन दिलं होतं. चित्र न काढण्याचं.”

“हां, दहा वजा दोन!” दादा लाकडाचा भुसा फुंकत म्हणाला. “गणित बरोबर होतं गं तुझं.” त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तो चेहरा मापट्यासारखा आहे का, हेही आता बाईंना सांगता येईना.

“रविवारी येशील ना?”

“येणार तर! बघू तरी, तुझ्या मापट्याला कोण कोण ओळखतं.”

तो त्यांना पोचवायला उंबऱ्यापर्यंत आला. उजवा हात सवयीने खिशात गेला आणि आत किल्ल्या खुळखुळल्या. बाई पायरीवरच थबकल्या. हा आवाज त्यांनी हजारदा ऐकला असणार. लक्ष कधी दिलं नव्हतं. दादाने ती सवय बाबांकडून उचलली होती, की आत्ता स्वतःची सवय बाबांच्या खिशात घातली होती? पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडत होता, म्हणजे तो पुरावाच नव्हता.

“काय गं? काही राहिलं?”

“वाजव बरं पुन्हा.”

“काय?”

“किल्ल्या.”

दादाने बहिणीकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण वाजवल्या. बाईंनी डोळे मिटून लक्षपूर्वक ऐकलं. काहीही आठवलं नाही. मात्र एकाच मोजमापावरून निष्कर्ष काढायचा नसतो, म्हणून डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, “आणखी एकदा.”