पातळ झालेली खळ

पुस्तकं बांधणारा बाइंडर दोघांचं जेवत होता, तरी अकरा आठवड्यांत त्याचं वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. स्वादुपिंड संपावर गेलंय, अन्न फोडणारी एन्झाइम तिथून येतच नाहीत, ती कॅप्सूलमधून पुरवायची, असं डॉक्टरांनी सांगून महिना झाला होता. काटा खालीच. येत्या सोमवारी आणखी घटलं तर दवाखान्यात भरती आणि नाकात नळी.

बायकोने कसूर केली नव्हती. कॅप्सूल मोठी, नवऱ्याच्या घशाखाली उतरेना. म्हणून ती उघडून आतले दाणे उकळत्या सूपमध्ये ढवळायची. गरमागरम घेतलं की औषध लवकर लागू पडतं, हे तिचं स्वतःचं शास्त्र.

"औषध नकली आहे. खडू भरलाय," बाइंडर म्हणाला.

"तुम्हाला आजवर काय अस्सल वाटलंय? लग्न ठरलं तेव्हा माझं वय दोनदा विचारलंत."

पण शंका तिच्याही डोक्यात शिरली. एन्झाइम स्टार्च फोडतात, असं खोक्यातल्या कागदावर छापलं होतं. स्टार्च तर घरात बादलीभर: पुठ्ठे चिकटवायची खळ! तिने दोन वाट्या भरल्या. एका कॅप्सूलचे दाणे कुटून कोमट खळीत घातले, दुसरीचे चुलीवर रटरटणाऱ्या खळीत. मग दोन्ही निवू दिल्या आणि चमचे उभे केले.

रटरटलेल्या खळीत चमचा ताठ. कोमट वाटीतला आडवा झाला. खळीचं पाणी झालं होतं.

"अहो, इकडे या! खडू नाहीये!"

बाइंडरने बोट बुडवलं. "चांगली खळ नासवलीस."

"औषधाने नासवली. उकळत्यात घातलं की मरतं ते. म्हणजे महिनाभर मीच तुम्हाला..."

"सूप झकास व्हायचं पण," तो म्हणाला.

तिने दवाखान्यात फोन लावला. नर्स किंचाळलीच, "उकळत्यात? काकू, दाणे थंड सफरचंदाच्या गरात घाला. न चावता गिळायचे, आणि जेवताना, नंतर नाही."

सोमवारला सहा दिवस होते. सहाही दिवस गर.

सोमवारी नर्सने काटा दोनदा बघितला. चारशे ग्रॅम वर. "राहू दे नळी," ती म्हणाली. बाइंडरने संशयाने स्वतःचेच खिसे उलटे करून पाहिले.

बायकोचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. "काय हो सिस्टर, आपल्या थुंकीतही असतं का असलं खळ पातळ करणारं काही?"

"असतं की. स्टार्च तिथूनच फुटायला लागतो."

बायकोने नवऱ्याकडे वळून नीट पाहिलं. बाइंडरने तोंड घट्ट मिटून घेतलं.