ऐंशीला काढायचा

हितेंद्रने अनुजाचे केस धरून तिचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं, तेव्हा मी मोरीत बांगडे साफ करत होते. रविवारची दुपार. घोडपदेवच्या आमच्या चाळीत शेजारी काय शिजतंय तेही कळतं, मग हा आवाज कळला नसेल? कुणी आलं नाही.

"भावाला कुठल्या फोनवरून कळवलंस?"

"नाही कळवलं."

खोटं बोलत होती. माझ्या फोनवरून कळवलं होतं. मीच दिला होता.

हा माझा पोटचा मुलगा. दिवाळीनंतर बायकोचा चांगला फोन त्याने काढून घेतला आणि स्वतःचा फुगलेला तिच्या गळ्यात मारला. फुगेल नाहीतर काय? रात्रभर उशीखाली चार्जिंगला, वर त्यातच गेम. मागची बाजू इतकी उचलली होती की रबरबँड लावून ठेवायचा मेला. अनुजाने तो चार्जिंगला लावलाच नाही. "आई, बॅटरी फुगलीय. याला दाबायचं नाही, टोचायचं नाही," म्हणाली आणि फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिला. तिच्याकडे फोन नाही म्हणजे अँटॉप हिलच्या भावाला काही कळायचं नाही. हितेंद्रला तेवढंच हवं होतं.

मग ती माझाच फोन जपायची. खोलीत प्लग एकच, देव्हाऱ्याशेजारी. पूजेला बसताना मी फोन लावायची आणि विसरायची.

"आई, ऐंशीला काढायचा. आणि वीस टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. बॅटरी लवकर म्हातारी होते."

"होऊ दे गो. मी पण झालंय."

मग हसायची. या घरात ती हसली ती एवढीच.

त्या दुपारी अनुजाला सोडून हितेंद्रने फळीवरचा डबा खाली ओढला. फोन लादीवर पडला.

"याच्यावरून केलास ना?"

"अहो, त्याला हात नका लावू. पेटेल तो."

बायको नको म्हणाली म्हटल्यावर हा ऐकतोय होय. पाट्यावरचा वरवंटा उचलून त्याने फोनवर घातला. परत घातला. "सोड, मेल्या, सोड," मी म्हणत राहिले. फोनमधून फस्स आवाज आला आणि जाळ सरळ त्याच्या हातावर, शर्टाच्या बाहीवर चढला. तो किंचाळला. मी बादली उचलली.

"फोनवर पाणी नको, आई."

अनुजाच्या कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. तिने गोधडी ओढून त्याचा हात गुंडाळला, बाही विझवली. मग गॅलरीतली तुळस उचलून आणली आणि अख्खी कुंडी त्या फोनवर पालथी केली. मातीखालून धूर येत राहिला.

याचा हात वाचवला तिने. आणि हा काय म्हणाला?

"तुला आज जिवंत सोडत नाही."

चांगला होता तो हात वरवंट्याकडे गेला. मी वरवंट्यावर पाय ठेवला आणि देव्हाऱ्याजवळचा माझा फोन घेतला.

"कुणाला लावतेस, आये?"

"पोलिसांक."

माझ्या तोंडाकडे बघत बसला. लहानपणी मार खाल्ल्यावर बघायचा, तसाच.

पोलीस आले तेव्हा अख्खी चाळ गॅलरीत उभी होती. हवालदाराने विचारलं, "फोन कुणी केला?"

"मी. गंगुबाई. याची आई." तक्रारही मीच लिहून दिली आणि ते त्याला घेऊन गेले.

अनुजाचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली. मी वाकू दिलं नाही. "पोचलीस की फोन कर, बाय," म्हटलं.

तिन्हीसांजेला माती गोळा करून तुळस परत लावली. लादीवरचा काळा डाग घासून गेला नाही. बांगडे मोरीतच होते, मांजराला टाकले. मग फोन चार्जिंगला लावला आणि विसरू नये म्हणून त्याच्यासमोरच बसले. हितेंद्र हात भाजलेला कोठडीत बसलाय. त्याला कुणी मलम लावलं असेल का, हेच डोक्यात. आई आहे मी, काळीज तुटायचंच. पण तक्रार मागे घेणार नाही.

ऐंशी झाले. काढला.

फोन हातात धरून बसले. दोघांपैकी कुणाचाही येईल, अनुजाचा भावाच्या घरून नाहीतर हितेंद्रचा चौकीतून. तिचा उचलायचा आहे.