रविवारची साखळी

क्रांतीला रविवारी जेवणं उरकली की खूळ चढायचं. सोमवार ते शनिवार हायस्कुलात विज्ञान शिकवणारी ही शहाणीसुरती बाई पदर खोचायची आणि अख्खं स्वयंपाकघर हॉलमध्ये मांडायची. लाटणं पाटावरून घरंगळत यायचं, डब्यांच्या झाकणांच्या रांगेला धडकायचं, झाकणं एकामागून एक आडवी व्हायची, शेवटचं झाकण गोटीला ढकलायचं, आणि सरतेशेवटी पळी ताटावर ठण्णकन पडायची. एवढ्या एका ठण्णसाठी तीन-तीन तास, बोला आता! या खटाटोपाला ती ‘साखळी’ म्हणायची. मोबाइलवर शूटिंग करून सोमवारी वर्गात दाखवायची आणि पोरं नुसती खुळी व्हायची. तिचे नियम मात्र कडक होते. विकत काही आणायचं नाही, साखळी सुटल्यावर मध्ये हात घालायचा नाही आणि आत्या झोपून उठायच्या आत प्रत्येक वस्तू जिथल्या तिथं गेली पाहिजे.

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, अंजनाबाई. बाई खमकी. बहात्तराव्या वर्षी एकटी एसटीत चढून लेकीकडं मुरगूडला जायची. गुडघा दुखतो म्हणून हातात काठी, पण ती टेकायला कमी आणि लोकांवर उगारायला जास्त. पौर्णिमेला विहारात वंदना सुरू करायची ती अंजनाबाईनंच, बाकीच्या बायका मागनं म्हणायच्या.

त्या रविवारी साखळी काही केल्या जमेना. पिठाच्या डब्याला मॉपचा दांडा तिरका टेकवून ठेवला होता. गोटी त्याला लागली की तो पडायचा, पण गोटी लागायच्या आधीच दांड्याचं बूड गुळगुळीत फरशीवरनं सरकायचं. तीनदा सरकलं. क्रांती वैतागली. घर्षण कमी पडतंय, एवढं तिला लगेच कळलं, कालच तर आठवीला घर्षण शिकवून आली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं. आत्या घोरत होत्या आणि त्यांची काठी खाटेला टेकलेली होती. क्रांतीनं काठीच्या बुडाचं काळं रबर उपसलं आणि दांड्याला बसवलं. आता दांड्याचं बूड जागचं हलेना. त्याच फरशीवर काठीही घसरेल, हे विज्ञानाच्या बाईंच्या डोक्यात आलंच नाही.

चौथ्या खेपेला साखळी सुटली ती थेट ताटापर्यंत. क्रांतीनं टाळी वाजवली आणि व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर टाकत बसली. अंगठे नि वाहवा यायला लागल्या. तेवढ्यात मागं धप्पकन आवाज झाला.

न्हाणीच्या दारात आत्या पडल्या होत्या. मनगट वाकडं झालं होतं, कपाळावर टेंगूळ आलं होतं. शेजारच्या शालूबाई धावत आल्या, क्रांतीच्या नवऱ्याला, प्रसेनजीतला, दुकानात फोन गेला, एकच गोंधळ उडाला. त्या गोंधळात क्रांतीनं काय केलं? दांड्याचं रबर काढलं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून काठीला बसवलं. नियमाप्रमाणे वस्तू जिथल्या तिथं! बाई गं, काय ही अक्कल!

हाड बसवताना डॉक्टरांनी विचारलं, “आजी, चक्कर आली होती का?”

“आली असंल. त्याबिगार मी कशी पडतो?” आत्या म्हणाल्या.

क्रांती शेजारीच उभी होती. तिनं तोंड उघडलंही होतं, पण प्रसेनजीत म्हणाला, “मी म्हणतच होतो, आता आईचं वय झालं.” आणि ती गप्प बसली. संध्याकाळी सांगू, असं तिनं ठरवलं. मग उद्या. मग प्लास्टर निघाल्यावर.

प्लास्टर निघालं. हात धड झाला, पण बाई बसली ती बसलीच. चक्करेच्या गोळ्या सुरू झाल्या. मुरगूडची एसटी बंद झाली. पौर्णिमा आली तेव्हा आत्यांनी शालूबाईंकरवी विहारात निरोप धाडला, की वंदना आता दुसऱ्या कुणीतरी घ्यावी, आपला भरवसा नाही. न्हाणीला जायचं तरी हाक मारायच्या, “क्रांती, येतीस का गं जरा? हात धर.” जिनं कधी कुणाचा हात धरला नव्हता, तिची मूठ आता क्रांतीच्या दंडावर घट्ट बसायची. क्रांतीला घास गोड लागेना. रविवार आला की ती मुकाट भांडी घासत बसायची. पोरांनी वर्गात विचारलं, “बाई, साखळी?” तर ती त्यांच्यावरच खेकसली.

एका शनिवारी प्रसेनजीत वॉकर घेऊन आला. आता आत्या तो भिरकावून देणार, असं क्रांतीला वाटलं. मनातून तिला तेच हवं होतं. आत्यांनी फक्त मान हलवली. “बरं केलंस बाबा. तेवढाच आधार.”

प्रसेनजीत परत दुकानात गेला. क्रांतीला राहवेना. ती आत्यांच्या पायाशी बसली आणि एका दमात सगळं बोलून गेली. दांडा, रबर, गोंधळात ते परत बसवलं, डॉक्टरांसमोर गप्प बसले, सगळंच.

आत्यांनी वाकून तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं.

“म्हंजे मला चक्कर आलीच नव्हती?”

“न्हाय आत्या.”

“डोस्क्यात काय बिघाड न्हाय?”

“काय सुदिक न्हाय. तुम्ही ठणठणीत हाईसा. चूक माझी हाय.”

आत्या वॉकर बाजूला सारून उठल्या. खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या. क्रांती धरायला उठली तशी त्यांनी हातानंच तिला थोपवलं. तिला रडू फुटलं. “माफ करा आत्या. तुमचा हात मोडला माझ्यापायी.”

“हाताचं काय घिऊन बसलीस! हात मोडला, जुळला.” आत्यांचा आवाज चढला. “रबर काढलंस, इसरलीस, व्हतंय माणसाकडनं. पर दोन म्हैनं मी रोज उशीत तोंड दाबून रडतोय, की आता माझं संपलं. लेकीला फोनवर सांगितलं, तुझी आई आता येत न्हाय. आन् तू रोज सकाळी मला च्या आणून देतीस आन् इचारतीस, आत्या, बरं वाटतंय का?”

क्रांतीला वर बघवेना. पदरानं तोंड झाकून ती खाली बसली.

“आत्या, ह्यांना...”

“मी न्हाय सांगणार. सांज झाली की त्यो यील. तूच सांगायचंस, माझ्या म्होरं. आन् रडायचं न्हाय. रडलीस तर त्यो तुझीच समजूत काढत बसंल.”

सहाला खाली स्कूटर थांबली. क्रांतीनं चेहरा पुसला आणि दार उघडायला गेली.