औषधाला लागलेली थंडी

शिरपूरकडच्या तापीकाठच्या त्या गावात केळी पिकवावीत ती सुंदरबाईंनीच. बंद खोलीत पेंढा अंथरायचा, हिरवे घड रचायचे, मधोमध एक पिकलेला घड ठेवायचा आणि दार लावून घ्यायचं. थंडी लागली की केळं काळं पडतं आणि ऊब मिळाली की पिवळंधमक होतं, एवढं एक शहाणपण त्यांना जन्मभर पुरलं होतं. आणि शहाणपण जन्मभर पुरलं की माणूस ते नको तिथेही लावतो.

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यांचे यजमान उखर्डूनाना खंगत चालले. डाव्या बरगडीखालची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून बेंबीला टेकली. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा दुर्मिळ कॅन्सर निघाल्याचं सांगितलं आणि इंटरफेरॉन नावाच्या औषधाच्या बारक्या कुप्या दिल्या. गुण आला तर यानेच येईल, नाही तर आपल्या हातात फारसं काही नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. आठवड्यातून तीनदा सुई द्यायची आणि कुप्या फ्रीजमध्ये ठेवायच्या.

फ्रीज होता शेजारच्या जतनबाईंकडे. जैनाचं घर, त्यामुळे फ्रीजच्या दारातले अंडी ठेवायचे खळगे आल्या दिवसापासून रिकामेच होते. कुप्या त्यात अशा चपखल बसल्या की जतनबाईंनाच समाधान वाटलं. एवढ्या वर्षांनी त्या खळग्यांचं काहीतरी चांगलं झालं, असं त्या म्हणाल्या.

पण गावचा कंपाउंडर पंडित सुई देऊन गेला की थोड्या वेळाने नाना कुडकुडायला लागायचे. बाहेर कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं आणि हे गोधड्यांखाली दात वाजवत पडलेले. मग अंग तव्यासारखं तापायचं. असं होणार हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि आपल्या माणसाचे दात वाजताना बघणं वेगळं. एकदा सुंदरबाईंनी कुपी हातात घेतली. ती गारढोण होती आणि तिच्यावर दव जमलं होतं. झालं, त्यांना रोगाचं मूळ सापडलं.

“फ्रीजनी थंडी तुमना आंगमा भराई जास,” त्या नानांना म्हणाल्या.

उरलेल्या सगळ्या कुप्या त्यांनी मागून आणल्या आणि केळी पिकवायच्या खोलीत, उबदार पेंढ्यात, कोंबडीच्या पिलांसारख्या जपून ठेवल्या. आणि काय आश्चर्य, पुढच्या काही सुयांनंतर नाना कुडकुडलेच नाहीत. ताप नाही, काही नाही. उठून भाकरी खाऊ लागले. सुंदरबाईंनी गल्लीत गूळ वाटला. शिकलेल्या बाईला जे सुचलं नाही ते आपल्याला सुचलं, हे त्यांनी निदान चार घरी तरी सांगितलं असेल.

धुळ्यालाही त्यांनी ते तितक्याच दिमाखात सांगितलं. डॉक्टरीणबाईंच्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता. सुधारायला लागलेलं रक्त पुन्हा बिघडलं होतं. कुप्या कुठे ठेवल्या होत्या, हे त्यांनी दोनदा विचारलं. रागावल्या मात्र नाहीत.

“अक्का, उबेने औषध मेलं,” त्या म्हणाल्या. “हे औषध म्हणजे आपल्याच शरीरातला निरोप आहे. एखाद्या पेशीत रोग शिरला की बरेचदा ती स्वतः वाचत नाही, पण मरता मरता शेजारणींना सावध करून जाते. तोच निरोप आम्ही बाहेरून देतो. शरीराने तो ऐकला, म्हणून थंडी वाजत होती.”

सुंदरबाई बसल्या जागी गार पडल्या. त्यांना खोलीतला तो पिकलेला घड आठवला. तो बोलत नाही, हलत नाही, तरी बंद दाराआड सगळ्या खोलीला त्याचं कळतं. पण डोळ्यांना न दिसणारं एवढंसं काहीतरी, स्वतः संपत असताना शेजाऱ्यांची काळजी करतं? आणि तेही उखर्डूनानांच्या अंगात? बांधावरच्या शेजाऱ्याशी जे वर्षानुवर्षं बोलले नव्हते, त्यांच्या? इतकी वर्षं संसार केला आणि या माणसाच्या आत केवढी माया नांदतेय, याचा त्यांना पत्ताच नव्हता. आणि तिचा आवाज त्यांनीच आपल्या हातांनी बंद केला होता. डॉक्टरीणबाईंसमोर त्या हमसून हमसून रडल्या.

नव्या कुप्या थर्मासात बर्फ घालून आल्या आणि थेट जतनबाईंच्या खळग्यांत गेल्या. सुंदरबाईंनी कुप्यांना हात जोडले.

दुपारी पंडितने सुई दिली. सुंदरबाई खाटेशी बसल्या. आजवर ज्या तापाला शिव्या दिल्या, त्याचीच त्या वाट बघत होत्या. ऊन कलायला लागलं तरी काही होईना. आपल्या चुकीने अंग रुसलं असेल, आता ऐकणारच नाही, या भीतीने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात नानांच्या पायाचा अंगठा थरथरला. मग गुडघे. मग दात.

पाणथरी दिवाळीपर्यंत बरगडीआड गेली, पण ती पुढची गोष्ट. त्या दुपारी एवढंच झालं की एका थेंबाने आख्खा माणूस आतून जागा झाला, आणि सुंदरबाई श्वास रोखून बघत राहिल्या.

“थंडी वाजी ऱ्हायनी,” नाना कण्हले.

सुंदरबाईंनी गोधडी नानांच्या गळ्यापर्यंत ओढली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“वाजू द्या,” त्या म्हणाल्या. “आंगले निरोप पोची गया.”